राक्षस आडवा का झाला

रंगारी इतका उंच, की छत रंगवायला त्याला शिडीच्या दोन पायऱ्या पुरत. या उंचीपायीच लहानपणी, एका कादंबरीवरून बसवलेल्या शाळेच्या नाटकात त्याला राक्षस केलं होतं, तेही आदल्या दिवशी, कारण ठरलेल्या राक्षसाला गोवर निघाला. बाईंनी घाईत एवढंच सांगितलं, डरकाळी फोड, मग आडवा हो आणि हलू नकोस. तो असा काही धाडकन आडवा झाला की टाळ्यांचा कडकडाट झाला. पडद्याची दोरी त्याच्या ताईकडे होती. टाळ्या पडल्या की ओढायची, हे तिला पढवलेलं. तिनं ओढली. राक्षस मेला, नाटक संपलं, आणि घरात त्याचं नाव कायमचं राक्षस पडलं. तो हसण्यावारी न्यायचा, पण मनातून त्याला ते लागायचं.

आता त्याच्या धाकटीनं वाचनालयातून नेमकी तीच कादंबरी आणली. राक्षसावर तिचा जीव जडला. पण आत्यानं, म्हणजे ताईनंच, चहा पिता पिता शेवट सांगून टाकला, आणि पुस्तक उशीखाली गेलं.

“शेवटी तुम्ही मरता ना, बाबा? मग मला नाही वाचायचं.”

रंगाऱ्यानं उशीखालून पुस्तक काढलं. त्यानं तरी पुस्तक कुठे वाचलं होतं? स्वतःचं मरण हौसेनं कोण वाचतं? पण पोरीसाठी तो हात घासून धुऊन बसला आणि मोठ्यानं वाचू लागला.

वाचता वाचता तो थक्क झाला. लिहिणाऱ्याची कमालच होती. हा राक्षस शिंक आली की आधी पाखरांना झाडावरून उठवायचा, वारुळं चवड्यांवर ओलांडायचा. शेवटी मागे सैन्य, पुढे दरी आणि मधे पोरं. राक्षसानं डरकाळी फोडली, सैन्य थबकलं, आणि तो दरीवर आडवा झाला. पोरं त्याच्या पाठीवरून पलीकडे गेली. मग तो उठला, अंग झाडलं आणि त्यांच्याबरोबर चालू लागला.

रंगाऱ्यानं पुस्तक मिटलं. नाटकात ताईनं पडदा ओढला तेव्हा विंगेत चार पोरं ताटकळत का उभी होती, ते त्याला आज कळलं.

तो उठला आणि पलंग नि कपाटाच्या मधे फरशीवर पालथा झाला. धाकटीनं जपून त्याच्या पाठीवर पाऊल ठेवलं. दारात आलेल्या ताईनं कौतुकानं टाळीसाठी हात उचलले.

“थांब ताई,” तो खालूनच म्हणाला, “पोर अजून पलीकडे पोचायचीय.”