वळसा घालून गेलेली केबल

मी केबल बोलतेय. वर हिरवळ आहे, म्हणून दिसत नाही तुम्हाला. जरा हळू चाला, एवढंच.

माझा जन्म कारखान्यातला. तांब्याच्या तारा ओढून पीळ दिला, त्यावर आवरण चढवलं, त्याभोवती पोलादी तारांचं चिलखत आणि सगळ्यांवर काळी जाड कातडी. मग एका लाकडी रिळावर गुंडाळून मला विजेच्या सामानाच्या दुकानात पाठवलं. तिथे माझी फार उपेक्षा झाली. गिऱ्हाईक यायचं, माझ्या अंगाकडे बघायचं आणि म्हणायचं, "ही नको बुवा, बारीक दाखवा." शेजारच्या रिळावर माझी बारीक बहीण होती. ती भराभर खपायची, मी धूळ खात बसायची.

एके दिवशी दुकानात एक बाई आल्या, सोबत त्यांचा वायरमन. बाई दुभाषी. ज्यांना ऐकू येत नाही अशा माणसांचं बोलणं त्या हातांच्या खुणांतून समजून घ्यायच्या आणि डॉक्टरांना सांगायच्या, डॉक्टरांचं पुन्हा खुणांनी त्यांना. हे सगळं कॉम्प्युटरच्या पडद्यावरून. घरात शांतता मिळेना, म्हणून बागेच्या टोकाला त्यांनी एक छोटी खोली बांधली होती. तिथपर्यंत वीज कशी गेली होती? स्वयंपाकघरातून ओढलेल्या एका लांबलचक एक्स्टेन्शनने!

वायरमनने बागेतलं सरळ अंतर मोजलं होतं. "हीटर, कॉम्प्युटर, दिवे, किटली, सगळं एकदम चालू झालं तरी चालायला हवं," असं बाईंनी बजावलं होतं. त्याने हिशेब करून माझ्या बहिणीवर बोट ठेवलं. "सरळ नेली तर ही पुरेल, ताई." ती बाजूला काढून ठेवायला सांगून दोघं गेली. मी उसासा टाकला.

दुसऱ्या दिवशी दोघं परत आली. बरोबर बाईंचे सासरे, तावातावाने.

"सरळ म्हणजे माझ्या गुलाबांच्या वाफ्यातून! एकेक कलम मी हाताने बांधलंय. तिथे कुदळ चालणार नाही."

"मग कुंपणाच्या कडेने वळसा घालावा लागेल," वायरमन म्हणाला. "अंतर बरंच वाढतंय. ही बारीक मग नाही चालणार. लांब गेलं की व्होल्टेज पडतं. तिच्याहून जाड घ्यावी लागेल." त्याने माझ्या रिळावर थाप मारली. माझ्या अंगावर काटा आला.

"ही? हा अजगर?" सासरे म्हणाले. "अहो, खोली आहे ती, कारखाना नाही. बारीकच ओढा की वळशाने. दिवा थोडा मिणमिणला तर काय बिघडतं?"

"बिघडतं, बाबा," बाई म्हणाल्या.

"काय बिघडतं?"

काउंटरला टेकून बाईंनी सांगितलं. घरात त्यांनी हे कुणाला सांगितलंच नव्हतं. एका आईला ऐकू येत नव्हतं आणि तिच्या मुलीचं ऑपरेशन व्हायचं होतं. डॉक्टर विचारत होते, मुलीला कुठलं औषध सोसत नाही? आईने हात उचलले आणि तेवढ्यात इकडे हीटर सुरू झाला. दिवे मंदावले, कॉम्प्युटर बंद पडला.

"मुलगी सुखरूप आहे, बाबा. पण मी पुन्हा पडद्यावर येईपर्यंत ती आई काळ्या पडद्यासमोर हात हलवत होती. तिला वाटत होतं, मी बघतेय."

सासऱ्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा चढवला.

"आधी का नाही सांगितलंस, सूनबाई? गुलाब काढू आपण. सरळच ने."

"नाही. तुमचे गुलाब राहतील. वळसा घालू आणि ही जाड घेऊ. पण वळसाही आणि बारीकही, हे मात्र व्हायचं नाही."

असं ठाम बोलणं मी दुकानात कधी ऐकलं नव्हतं. धूळ झटकून मी गाडीत चढले.

मला पुरताना सगळ्यांचा घाम निघाला. माझं अंग ताठ, कोपऱ्यावर मी वळता वळेना. "जोर लावून दाबू का?" वायरमनने विचारलं. "मोडेल ती," बाई म्हणाल्या, "कोपरा रुंद खणू." आणि पदर खोचून स्वतः चरात उतरल्या. कुंपणाकडून सासरे फावडं घेऊन भिडले. खाली वाळू अंथरली, वर वाळू घातली, त्यावर खणणाऱ्याला इशारा देणारी पट्टी, मग माती. माझं एक टोक घरातल्या बोर्डात गेलं, दुसरं खोलीच्या भिंतीवर. एक्स्टेन्शन त्याच दिवशी गुंडाळून ठेवली.

मग एक कडाक्याच्या थंडीची सकाळ आली. हीटर तापलेला, किटली खदखदतेय, दिवे सगळे लागलेले. सगळा भार माझ्या अंगावर. पडद्यावर बाळंतपणाची खोली होती. नवराबायको, दोघांनाही ऐकू येत नव्हतं. बाई कितीतरी वेळ हात हलवत होत्या: आता श्वास घे, आता जोर लाव, आता थांब. मी तार न् तार आवळून धरली. आज हूं की चूं करायचं नाही, ठरवलंच होतं.

एकदम तिकडे धावपळ झाली. बापाने घाबरून पडद्याकडे बघितलं आणि हातांनी विचारलं, "बाळ रडतंय का?"

बाईंनी कान दिला. मग दोन्ही हात उंच करून सांगितलं, "रडतंय! खूप जोरात रडतंय!"

दिवा एकदाही लुकलुकला नाही.

आता मी अंधारात असते. मला कुणी बघत नाही आणि मला त्याचं काही नाही. तुमच्याही बागेत अशी खोली उभी राहणार असेल, तर आधी भार किती ते बघा, वाट किती लांब ते मोजा, मगच केबल निवडा. आणि कुंपणाच्या कडेला खणायचं झालं तर घरात विचारून या.

आता पुरे. खोलीत घंटी वाजतेय, कुणीतरी पडद्यावर आलंय. मला कामाला लागायचंय.