गोजर काय करते

२००१ च्या फेब्रुवारीत जनगणनेचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मला शहापूर तालुक्यात शिक्षिका होऊन सहा वर्षं झाली होती. शहापुरातून सापगावचा पूल ओलांडला आणि मुरबाडच्या रस्त्याला थोडं पुढे गेलं, की नदीच्या अंगाला एक पाडा लागतो. तो माझ्या वाट्याला आला. माझी शाळा तिथून दोन मैलांवर, त्यामुळे पाड्यातली चारदोन मुलं सोडली तर मी कोणाला ओळखत नव्हते. सकाळची शाळा आटोपून दुपारी घरोघर जायचं, आधी वहीत कच्चं लिहून घ्यायचं आणि मग बसून छापील फॉर्म पक्का करायचा, अशी मी पद्धत ठेवली होती. फॉर्मवर खाडाखोड चालत नव्हती.

चौथ्या दिवशी मी चंदरच्या घरी गेले. पस्तिशीचा माणूस, अंगणात बसून बांबू चिरत होता. त्याची बायको सकुबाई पाण्याचा तांब्या ठेवून दारात उभी राहिली. चंदरने स्वतःचं सांगितलं, बायकोचं सांगितलं, रेश्मा आणि हरेश या दोन मुलांचं सांगितलं.

"अजून कोणी?"

"नाय. म्हंजे हाय एक. मोठी बहीन, गोजर. पन ती आंधली हाय."

मी नाव लिहिलं. वय त्याने अंदाजाने चाळीस सांगितलं. त्या वर्षीच्या फॉर्मात अपंगत्वाचा प्रश्न होता, तिथे दृष्टीचा आकडा टाकला. मग कामाचा रकाना आला.

"काम काय करतात?"

"ती काय करनार? बसून असते. आमी हाव ना तिला बघाला."

मी 'आश्रित' लिहिलं. सकुबाईच्या नावापुढे त्याने "घरकाम" सांगितलं, तेही लिहिलं. प्रशिक्षणात आम्हाला बजावून सांगितलं होतं, की बायकांच्या कामाबद्दल नीट, खोदून विचारा, शेतात राबतात का ते विचारा. मी विचारलं नाही. ऊन चढलं होतं आणि अजून सात घरं व्हायची होती.

दोन घरं पुढे गुणाबाई नावाच्या म्हातारीच्या ओट्यावर मी बसले होते, तेवढ्यात बाहेरून जोरात हाक आली.

"जनगननेच्या बाई हितं हायत का?"

एक उंच, काटक बाई कुडाला एक हात लावत झपझप चालत येत होती. दुसरा हात कोपरापर्यंत शेणाने भरलेला. डोळे मिटलेले, खोल गेलेले. गुणाबाई म्हणाली, "गोजर गो, ये. ओट्यावर हायत बाई."

गोजर ओट्यापाशी येऊन थांबली. बसली नाही.

"माज्या नावापुढं काय लिवलात?"

मी गडबडले. "तुमच्या भावाने सांगितलं तसं..."

"वैनीनं सांगितलं मला. बसून असते, असं लिवलात. मी गोठ्यात व्हते. हाक मारली असती तर आले नसते का? मला डोले नायत, कान हायत."

मी वही उघडली आणि म्हणाले, "बरं, आता तुम्ही सांगा. वर्षभरात काय काय करता?"

"वर्साचं कुठून धरू?"

"आत्तापासून धरा."

"आता राबाचं चाललंय, रोपांची जागा भाजाचं. पालापाचोला गोला कराचा, शेन वालवाचं, राबावर पसराचं, वर माती टाकाची. भाजतो चंदर, इस्तवापाशी मी जात नाय. मग पावसाला लागला की आवन खनाचं, रोपांच्या मुठी बांधाच्या, आवनी कराची. आमची झाली की दुसऱ्यांची."

"आवणी, म्हणजे भाताची लावणी, तुम्ही करता?" मी विचारलं. माझ्या आवाजातलं आश्चर्य तिला ऐकू गेलं असणार.

"करते तर. मागं मागंच तर जाचं असतंय, त्याला डोले कशाला? पाय मागं घेतला की अंतर कलतं. शेजारनीचा हात पान्यात पडतो तो ऐकू येतो, तिच्या रांगंत राहाचं." ती सरळ पुढे गेली. "मग बेननी. ती मी नाय करत, भात आन गवत कोवलं असतंय तवा हाताला एकच लागतं. पन कापनीत भारे बांधते. झोडनीला असते. थंडीत नदीकाठी भेंडी आन काकडी, त्याला पानी मी घालते. आन म्हसरं पन मीच नेते."

"खोटं नको बोलू गो," गुणाबाई मध्येच म्हणाली. "म्हसरं रेश्मा नेते."

गोजरने शेणाचा हात झटकला. मग म्हणाली, "बरं. म्हसरं नका लिवू. बाकीचं लिवा."

मी बोटांवर महिने मोजले. घरच्या शेतात राबलेलं, मोबदला मिळो न मिळो, नियमाने काम धरायचं होतं. सहा महिन्यांच्या वर सहज जात होतं. नियमाने ती 'मुख्य काम करणारी' होती, आणि मी तिला एका शब्दाने निकालात काढलं होतं. मला लाज वाटली. ती झाकायला म्हणा, मी म्हणाले, "खरंच, तुमचं कौतुक केलं पाहिजे. डोळे नसताना एवढं..."

"कौतुक ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "लिवा."

मी वहीतलं 'आश्रित' तिच्यासमोर खोडलं. पेनाची खरखर थांबेपर्यंत ती तिथेच उभी होती. मग मी काय लिहिलं ते तिने मला दोनदा वाचून दाखवायला लावलं आणि ती आल्या वाटेने गेली.

महिनाअखेरीस मी पक्के फॉर्म घेऊन शहापूरला पर्यवेक्षकांकडे गेले. अनुभवी, व्यवस्थित गृहस्थ होते. एकेक पान तपासताना त्यांचं बोट चंदरच्या घरावर थांबलं.

"बाई, ही चूक झालीय. दृष्टी नाही असंही लिहिलंय आणि मुख्य काम करणारी, शेती, असंही. दोन्ही कसं होईल?"

"तसंच आहे, सर."

"अहो, वर कोणीतरी विचारणार. उत्तर मला द्यावं लागतं. नवा फॉर्म घ्या आणि आश्रित करून टाका. त्या बाईला काय फरक पडणार आहे?"

त्यांनी कोरा फॉर्म पुढे सरकवला. मी तो घेतला, पेन उघडलं, चंदरचं नाव लिहिलं, सकुबाईचं लिहिलं. खोटं कशाला सांगू, मी ते लिहून मोकळी होणार होते. गोजरच्या ओळीवर आल्यावर हात पुढे जाईना. ही बाई मला पुन्हा गाठणार आणि वाचून दाखवा म्हणणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

"सर," मी म्हणाले, "मार्चच्या पहिल्या आठवड्यात फेरतपासणी आहेच. तुम्ही या. स्वतः विचारा. तुम्ही म्हणाल ते मी लिहिते."

त्यांना ते आवडलं नाही, पण ते आले. दोन मार्चला दुपारी त्यांची स्कूटर पाड्यात शिरली. चंदरने शेजारून खुर्ची आणली. सकुबाईने चहा ठेवला. गोजर पडवीत भिंतीला टेकून बसली होती.

पर्यवेक्षकांनी चंदरला विचारलं, "काय हो, हिला आवणी जमते?"

"ही हितंच बसलीय," गोजर म्हणाली. "हिला इचारा."

ते जरा ओशाळले. मग तिच्याकडे वळून मोठ्या आवाजात, बहिऱ्याशी बोलावं तसे म्हणाले, "बाई, तुम्ही काम करता म्हणता. मला दाखवाल का? हा पेंढा आहे, याचा भारा बांधून दाखवा बघू."

गोजर उठली नाही.

"नाय दाखवनार."

"का?"

"दादाला म्हनालात का, नांगर धरून दाखव? पाड्यात एवढी मानसं लिवलीत, कोनाची परीक्षा घेतली? त्यांच्या तोंडाचं खरं, आन माज्या तोंडाचं खोटं?"

चंदर तिच्याहून लहान, पण घरचा कर्ता झाल्यापासून ती त्याला कधीकधी दादाही म्हणायची. तो आता खाली बघत बांबूच्या सालीशी चाळा करत होता. पर्यवेक्षक त्यालाच म्हणाले, "तुम्ही सांगा. आधी बसून असते म्हणालात. आता काय ते खरं सांगा."

चंदरने साल बाजूला टाकली. शेवटी म्हणाला, "साहेब, तहसीलला तिच्या नावानं निराधारचा अर्ज घातलाय. तिथं एकानं सांगितलं, काम करते असं कुठं दिसलं तर अर्ज जाईल. म्हनून तसं बोललो. तिचं वाईट कराचं नव्हतं."

हे मला नवीन होतं. गोजरलाही असावं, कारण तिने मान एकदम त्याच्याकडे वळवली.

मी सांगितलं, "जनगणनेतली माहिती दुसऱ्या कुठल्या ऑफिसात जात नाही. तसा कायदाच आहे. तुमचा अर्ज वेगळा, हे वेगळं."

"जात असली तरी," गोजर म्हणाली, "मला इचाराचं व्हतंस ना रे चंदर. आंधली हाय ते सांग, ते खरं हाय. मी कुठं लपवते? त्याचे पैसे सरकार देत असलं तर घेईन मी. पन बसून असते असं सांगून नको." ती भिंत सोडून पुढे सरकली. "वर्सभर राबाचं, आन कागदात बसलेली? तुज्या मुखातून?"

चुलीपासून सकुबाई उठून आली. इतक्या दिवसांत तिचा शब्द मी ऐकला नव्हता.

"साहेब, आवनीत वन्स माज्या पुढं असते," ती म्हणाली. "मी मागं पडते. पाड्यात कोनालाबी इचारा." मग तिने माझ्याकडे पाहिलं. "आन बाई, माज्या नावापुढं काय लिवलंय?"

"घरकाम," मी म्हणाले.

"शेतात मग कोन जाते?"

पर्यवेक्षकांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, परत लावला. फॉर्म मांडीवर घेऊन त्यांनी चंदरला विचारलं, "दोघींचं शेती लिहू?"

"लिवा," चंदर म्हणाला.

सकुबाईची ओळ सुधारायला मला सगळा फॉर्म तिथेच बसून पुन्हा लिहावा लागला, आणि लिहून झाल्यावर, मी ओळखलं होतंच, गोजरने तो वाचून घेतला. पर्यवेक्षकांनी त्यावर सही केली आणि ते चहा न घेताच निघाले. चंदर त्यांना स्कूटरपर्यंत पोचवायला गेला तो अर्धा तास परत आला नाही.

ते कागद पुढे कुठे गेले, कोणत्या आकड्यात मिसळले, मला माहीत नाही. जनगणनेच्या जाड पुस्तकात गोजरचं नाव येत नाही, कोणाचंच येत नाही. निराधारच्या अर्जालाही पुढे दीड वर्ष गेलं. डोळ्यांच्या दाखल्यासाठी ठाण्याला दोन खेपा झाल्या आणि मग तो मंजूर झाला. चंदर कित्येक आठवडे माझ्याशी बोलला नाही. रस्त्यात भेटला की सायकल दुसऱ्या बाजूने काढायचा.

जुलैत पटनोंदणीच्या कामासाठी मी पुन्हा त्या पाड्यात गेले, तेव्हा गुणाबाईच्या खाचरात आवणी चालली होती. इथे शेजारी एकमेकांच्या शेतात जातात, एक माणूस दिवसभर राबला, की बदल्यात त्याच्या शेतात एक माणूस दिवसभर येतो. बांधावर बसलेल्या गुणाबाईने मला आदल्या दिवशीची हकीगत सांगितली. तिच्या मुलाने चंदरकडची माणसं मोजताना नेहमीप्रमाणे गोजरला अर्धाच माणूस धरला होता. गोजर म्हणाली, मग अर्ध्या रांगेपुरती आले, आणि रांग अर्धी झाल्यावर हात धुऊन घरी गेली. तिच्या पाठोपाठ सकुबाई गेली. संध्याकाळी रोपं तशीच चिखलात पडून राहिली.

"मग?" मी विचारलं.

"मग काय? सकाली पोरगा जाऊन पूर्न मानूस बोलून आला."

खाचरात आठ बायका वाकून मागे सरकत होत्या. गोजर दुसऱ्या टोकाला होती, तिच्या बाजूला सकुबाई. दोघी काहीतरी बोलून हसत होत्या. मी हाक मारली. गोजरने मान वर केली नाही, पण हात क्षणभर थांबले.

"बाई का? त्या बांधावरून बाजूला व्हा जरा," ती म्हणाली. "मुठी घेऊन चंदर येतोय, पाय ठेवाला जागा नाय."

मी चप्पल हातात घेतली आणि खाली चिखलात उतरले.