लाकडाला माया

“मास्तर, दोन रेघा आहेत. कुठल्या रेघेवर कापू?” सुताराने करवत हातात धरून विचारलं.

“बाहेरच्या. आतल्या रेघेवर कोणी कापतं का?” मास्तर जरा तुसडेपणानेच म्हणाले. तुमची फळी, तुमची मर्जी, अशा चेहऱ्याने सुताराने करवत चालवली.

मास्तर म्हणजे टेलर मास्तर. शाळेशी त्यांचा संबंध गणवेशापुरता. दुकान बंद केल्यापासून त्यांच्या जिवाला स्वस्थता नव्हती. दिवसभर ते या खोलीतून त्या खोलीत फिरत, पडद्यांची शिवण ओढून बघत, बंद नळ पुन्हा बंद करत. “अहो, जरा एका जागी बूड टेका,” असं बायको म्हणाली की टेकत, आणि लगेच उठत. त्यात या आठवड्यात तर त्यांच्या अंगात वारंच शिरलं होतं.

मुलाने जुनी कॅम्पर गाडी घेतली होती, आत झोपायची आणि स्वयंपाकाची सोय असलेली. पहिल्याच सहलीला तो आईबाबांना नेणार होता. गाडी दाखवायला आणली तेव्हा सुनेने हौसेने बाहेर मांडायचं घडीचं टेबल उघडलं. टेबल कसलं, पायांवर उभा केलेला पाटच तो. दोन ताटल्या ठेवल्या की पेल्याला जागा नाही.

“आधी तुम्ही दोघं जेवून घ्यायचं, मग आम्ही बसू,” सून म्हणाली. बिचारी मान ठेवायला म्हणून बोलली, पण मास्तरांच्या ते जिव्हारी लागलं. त्यांनी खिशातून टेप काढली आणि टेबल मोजलं, मग मागच्या सीटमागची फट मोजली.

“बाबा गाडीला सदरा शिवणार बहुतेक,” मुलगा म्हणाला, आणि सगळे हसले.

कल्पना साधी होती. प्लायची मोठी फळी, तिला खालून दोन पट्ट्या, म्हणजे ती घडीच्या टेबलावर पक्की बसेल. प्रवासात तिने सीटमागच्या फटीत उभं राहायचं आणि मुक्कामाला चौघांना एकदम जेवू घालायचं. मास्तरांना एवढंच हवं होतं. सगळं आयुष्य ते दुकानात जेवले होते. डबा मशीनच्या कडेला उघडायचा, गिऱ्हाईक आलं की झाकायचा, आणि रात्री घरी यावं तर मुलगा झोपलेला. त्याच्यासमोर बसून ते कधी निवांत जेवलेच नव्हते, आणि आता तर मुलाच्याही कानशिलांवर पांढरं दिसू लागलं होतं.

फळी घरी आल्यावर त्यांनी कडा घासल्या, पुन्हा घासल्या. “आरसा करायचाय का तिचा?” बायकोने विचारलं. वरून पॉलिश दिलं, आणि वाळलं का बघायला इतक्यांदा बोट लावलं की एका कोपऱ्यात ठसे कायमचे बसले.

निघायच्या दिवशी मुलगा घाईत होता. ऊन चढायच्या आत शहराबाहेर पडायचं होतं. मास्तरांनी कोणाला हात लावू न देता फळी स्वतः खाली आणली.

“बाबा, हे कधी केलंत?” मुलाने विचारलं. सुनेने पॉलिशवरून हात फिरवला. मास्तर खूश होऊन फळी फटीत सरकवू लागले, आणि ती अडकली. सरळ घालून पाहिली, तिरकी घालून पाहिली. बाकी गाडी सामानाने गच्च भरलेली, टपावर कॅरिअर नाही.

“दोन बोटं जास्त आहे,” मुलगा म्हणाला.

“शक्यच नाही. माझं माप चुकत नाही.”

मुलाने फळी उलटी केली. खालच्या कोऱ्या बाजूला चारही कडांपासून बोटभर आत खडूची रेघ होती, अगदी सुबक.

“मग ही रेघ कसली?”

मास्तरांनी रेघेवरून अंगठा फिरवला. “ती शिवणीची.”

“आणि तिच्या बाहेरचं हे?”

“माया,” मास्तर हळूच म्हणाले.

सुनेला काही कळेना. “अगं, शिवणीच्या बाहेर जादा कापड सोडतात ना, ती माया,” सासूबाई म्हणाल्या. “पुढे माणूस अंगाने भरलं तर उसवून वाढवता येतं.” आणि त्यांना हसू आवरेना.

“लाकूड अंगाने भरणार होतं का बाबा?” मुलगाही हसला. “माझ्या शाळेच्या हाफपँटींना एवढीच माया असायची. दरवर्षी उसवायचात.”

मास्तर हसले नाहीत. बायको त्या हाफपँटी दुकानात आणून द्यायची, आणि मुलगा किती वाढला हे त्यांना त्यावरून कळायचं. एका वर्षी सगळीच्या सगळी माया उसवावी लागली, तेव्हा मशीन थांबवून ते जरा वेळ ती पँट नुसती हातात धरून बसले होते.

“करवत आणतो. आत्ता कापतो,” म्हणत ते निघाले.

“राहू द्या बाबा, उशीर होतोय. फळी घरी ठेवू. पाळीपाळीने जेवू, काय बिघडतं?”

“बिघडतं.” मास्तरांचा आवाज एवढा चढला की सून दचकली. “मला तुझ्याबरोबर जेवायचंय. तुझ्या आधी नाही, नंतर नाही. तू लहान होतास तेव्हा जमलं नाही मला.”

मुलाने गाडीची किल्ली खिशात टाकली. घडीचं टेबल काढून तिथेच फाटकाशी उघडलं आणि फळी वर बसवली.

“डबे काढ गं,” तो बायकोला म्हणाला.

“अरे, आधी कापून घेतो. असा गेलो, असा आलो.”

“कापू मग. आधी बसा.”

चार स्टुलं मांडली. पाव, उकडलेली अंडी, केळी. सगळं मावलं आणि वर कोपर टेकायलाही जागा उरली. एक स्कूटरवाला वळसा घालून, वळून वळून बघत गेला. चौघं बसले आणि मास्तर जेवले. म्हणजे काय, चार घासांत ताटली रिकामी केली, घोटभर पाणी प्यायले, हात रुमालाला पुसले आणि उठले. बाकीच्यांची अंडी अजून सोलून व्हायची होती.

“अहो, कुठे निघालात?” बायकोने विचारलं.

मास्तर अर्धवट उभे राहिले. कुठे ते त्यांनाही सांगता येईना. “झालं माझं,” ते म्हणाले.

“बसा. गिऱ्हाईक आलेलं नाही कोणी.” तिने हे थट्टेत म्हणायचं ठरवलं होतं, पण म्हणताना त्यांची बाही घट्ट धरली.

मास्तर ओशाळून बसले. रिकाम्या ताटलीची कड चाचपू लागले. फळीखाली त्यांचे पाय मशीनवर असावेत तसे हलत होते. मुलाने ते पाहिलं. त्याने आपल्या पावाचा तुकडा मोडून त्यांच्या ताटलीत ठेवला. मास्तरांनी तो खाल्ला, तसा त्याने दुसरा ठेवला, मग तिसरा, आधीच्यापेक्षा लहान. आपला पाव संपेपर्यंत तो असे तुकडे देत राहिला, आणि तोवर मास्तर उठले नाहीत.