तोमासाच्या माहेरचं पान

मित्रांनो, मेक्सिकोतल्या वाहाकाच्या डोंगरमाथ्यावर, धुक्यात वाकून उभा असलेला म्हातारा ओक तो मीच. माझा जन्म मात्र इथला नाही. तोमासा लग्न होऊन या वरच्या गावात आली, तेव्हा माहेरच्या ओकचं एक बी शालीच्या गाठीत बांधून घेऊन आली. ते बी म्हणजे मी.

खाली दरीत तिची आई त्या ओकच्या पंजाएवढ्या पानांत मक्याच्या पिठाचे उंडे, म्हणजे तमाल, गुंडाळून उकडायची. पुढे आई गेली आणि त्याच पावसाळ्यात तो ओकही वादळात उन्मळला. तेव्हापासून तोमासाची सारी आशा माझ्यावर. मृतांच्या सणाला पितर घरी येतात. त्या पानातला तमाल मांडला, की वासावरून आई लेकीचं घर ओळखेल, असं तिला वाटे.

मी वाढलो. पण बाप रे, इथला वारा आणि इथलं दंव! मोठं पान धरलं की ते फाटायचं, करपायचं. मग मी पानं दोन बोटांएवढीच धरली, जाड आणि खालून लवदार. मला जगायचं होतं हो.

सासू हसायची, "सूनबाई, तुझ्या माहेरच्या पानात माशीपुरता तमाल होईल गं!"

एके वर्षी सण जवळ आला, तेव्हा तोमासा माझं पान हातात घेऊन म्हणाली, "हे आमचं नव्हेच. मीच चुकीचं बी उचललं."

"मग कोळसा पाडू का याचा?" नवऱ्यानं, फिदेन्सियोनं विचारलं.

"पाडा."

कुऱ्हाडीची भीती वाटली, पण तिनं परकं म्हटलं ते जास्त लागलं.

फिदेन्सियो धार लावत बसला होता, तेवढ्यात तिचा भाऊ एलिहियो खालून आला. पाठीवर हिरव्या पानांचा भारा, एकेक पान पंजाएवढं!

"कुठली रे ही? आईचं झाड तर पडलं ना?"

"पडलं. पण ताई, माझ्या पोरांना खेळायला तू या तुझ्या ओकची फळं दिली होतीस, आठवतं? त्यातलं एक आईच्या झाडाच्या जागी रुजलं. त्याचीच ही पानं."

"या खुरट्याची?" सासूनं विचारलं.

"खाली ऊब आहे, मावशी. तिथं पान पसरतं."

तोमासा धावत आली आणि मला कवेत घेऊन रडली. "माझ्या बाळा, थंडीनं अंग चोरून उभा होतास होय रे! आणि मी तुला परका म्हटलं!"

त्या सणाला आईपुढे मोठ्या पानातला तमाल मांडला गेला. त्यावर तोमासानं माझं एक इवलं पान ठेवलं.

मित्रांनो, कोणी खुरटं दिसलं, तर कुऱ्हाड उचलण्याआधी त्याच्या वाऱ्यात घटकाभर उभे राहून बघा.

तोमासा आता थकली आहे. थंडी पडली की येते आणि तीच जुनी शाल माझ्या बुंध्याला गुंडाळते. मला शाल लागत नाही, पण तिला मी ते कधी कळू देणार नाही.