काचेवरचा ओरखडा

मित्रांनो, कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर, फुलाफुलांच्या उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेलं जे चपटं खोकं दिसतंय ना, ते म्हणजे मी. मी स्कॅनर आहे, आणि चांगलाच जुना आहे. माझ्या वयाची यंत्रं केव्हाच भंगारात गेली. मी अजून टिकून आहे, त्याला कारण माझ्या काचेवरचा एक ओरखडा. ऐकायला विचित्र वाटेल, पण गोष्ट तशीच आहे आणि सांगायला मला आता वेळच वेळ आहे.

एका मोठ्या कारखान्यात माझा जन्म झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या एका बाईने माझी काच पुसून बसवली, काचेखाली दिव्याची कांडी सरकवली आणि झाकण दोनदा उघडून मिटून पाहिलं. मग तपासनिसाने रंगीत पट्ट्यांचा एक कागद माझ्यावर पालथा टाकला. दिवा या टोकाकडून त्या टोकाला गेला. "झकास," तो म्हणाला. तो दिवसभरात शंभर यंत्रांना हेच म्हणत असेल, पण मला ते माझ्यासाठीच वाटलं.

माझं बघणं तुमच्यासारखं नाही. समोरचं मला दिसत नाही, लांबचं तर मुळीच नाही. जे माझ्या काचेला टेकतं तेवढंच मला दिसतं, पण ते असं दिसतं की कागदावरच्या सुरकुत्या मोजून घ्याव्यात. कान म्हणाल तर तेही नाहीत. मात्र रोज टेबलावर पडून राहणाऱ्याला घरातलं सगळं कळत जातं, हे तुमच्या घरच्या मांजरालाही ठाऊक असेल.

माझी पहिली नोकरी एका फोटोवाल्याच्या दुकानात. किती माणसं आली माझ्याकडे! परीक्षेची प्रमाणपत्रं, विटलेले लग्नाचे फोटो, कोपरे कुरतडलेली पत्रं. लोक फोटो द्यायचे आणि काळजीने म्हणायचे, "एवढा एकच आहे हो, जपून." फोटोवाला माझ्या झाकणावर थाप मारून सांगायचा, "हा आमचा गडी डोळ्यांत तेल घालून काम करतो." तेव्हा मी नुसता फुगून जायचो.

आणि गर्वाचं घर खाली म्हणतात ते खोटं नाही. एका घाईच्या दुपारी कुणीतरी पिन न काढताच कागदांचा गठ्ठा माझ्यावर ठेवला आणि खस्सकन ओढला. काचेवर वीतभर लांब, तिरपा ओरखडा उठला. त्या दिवसापासून माझ्यावर जे जे पालथं पडे, त्या प्रत्येकावर ती बारीक रेघ उमटायला लागली. नवरीच्या कपाळावर रेघ, बाळाच्या गालावर रेघ. फोटोवाल्याने महिनाभर सांभाळून घेतलं. मग दुसरं यंत्र आलं आणि मी माळ्यावर गेलो.

पुढे दुकान बंद झालं, तेव्हा फोटोवाल्याने मला आपल्या एका जुन्या गिऱ्हाइकाच्या हाती सोपवलं. ती चित्रकार होती. सगळे तिला ताईच म्हणत, म्हणून मीही म्हणतो. घड्याळदुरुस्तीच्या दुकानावर तिची एक खोली होती. तिथे ती आणि तिचा एक सोबती मिळून लहान मुलांसाठी मोबाइलवरचे खेळ तयार करत. ताई चित्रं काढायची, सोबती ती हलती करायचा. कुठलंही काम निघालं की तो म्हणायचा, "सोपं ठेवू या." म्हणून त्याचं नाव पडलं सोपेराव. स्वतःच्या लग्नपत्रिकेतसुद्धा त्याने फक्त तारीख आणि पत्ता छापला होता, असं ताई त्याला चिडवायची.

त्या वर्षी त्यांनी एका लोककथेवर खेळ करायचा ठरवला. ही कथा कुठल्या पुस्तकात नव्हती. ती ताईच्या आईकडे होती. आईला तिच्या आईने सांगितलेली, तिला तिच्या आईने. एका म्हातारीचं कोकरू हरवतं. ती पाच दारं ठोठावते, तळ्याशी जाते, वाटांना विचारते आणि शेवटी कोकरू सापडतं. ताई तीन-चार वर्षांची असताना दुपारी झोपवायला आई ही गोष्ट सांगायची. ताईचे डोळे मिटलेले असायचे. गोष्टीच्या शेवटी आपल्याला हसू फुटायचं, एवढं तिला पक्कं आठवत होतं. का फुटायचं, ते मात्र आठवेना. कोकरू सापडलं यात हसण्यासारखं काय आहे?

विचारायचं तर आईलाच, आणि घाईनेच. कारण आई विसरायला लागली होती. आधी किल्ल्या, मग गॅस, मग शेजारणीचं नाव. डॉक्टरांनी सांगितलं होतं की हे आता वाढतच जाणार. ताईला खेळ तर करायचाच होता, पण त्याहून जास्त, आई विसरायच्या आत ती गोष्ट तिला जशीच्या तशी हवी होती. हे ती कुणाला बोलून दाखवायची नाही. काम करताना तिचा हात माझ्या झाकणावर उगाच थांबून राहायचा, त्यावरून मी ओळखायचो.

मग ताईने जग पालथं घातलं आणि ते सगळं आणून माझ्या काचेवर पालथं टाकलं. जुन्या कापडांच्या किनारी, लाकडी ठशांनी छापलेली पानं, मातीची चपटी खेळणी, कोरलेले कंगवे, वाळलेली पानं. एकदा तर मेंढीच्या लोकरीचा पुंजका आणला. त्याचे केस चार दिवस माझ्या बिजागरीत अडकून होते, पण मी तक्रार केली नाही. इतक्या वर्षांनी कुणीतरी मला हवंहवंसं काम देत होतं. प्रत्येक चित्र संगणकावर गेलं की ताई आधी माझी रेघ पुसायची आणि मग पुढचं काम करायची. ती काहीच बोलायची नाही, आणि तेच मला जास्त लागायचं.

भिंत चित्रांनी भरली. चाळीस कोकरं झाली, अकरा म्हाताऱ्या झाल्या. सोपेराव भिंतीसमोर उभा राहून म्हणाला, "सगळं सुंदर आहे, ताई. पण चार वर्षांच्या पोराने बोट कुठे ठेवायचं?"

"म्हणजे?"

"म्हणजे खेळायचं कुठून कुठे? वाटच नाहीये यात. नुसता बाजार भरलाय."

ताईला ते झोंबलं, पण खरं होतं.

मग दर मंगळवारी ती आईला खोलीवर आणायला लागली. आईला समोरच्या खुर्चीत बसवायचं, हातात चहाचा कप द्यायचा, टेबलावर माझ्या शेजारी रेकॉर्डर ठेवायचा आणि म्हणायचं, "आई, सांग." आई सुरुवात छान करायची. "पहिलं दार जाड्याचं. तो म्हणाला, मी नाही बाई बघितलं." पाच दारं होईपर्यंत सगळं सुरळीत चालायचं. तळं आलं की गाडं अडायचं.

"मग ते इथं पाणी प्यायलं. मग इथून गेलं. इथून..." आणि आई गप्प व्हायची.

"इथून म्हणजे कुठून, आई?"

"अगं, इथून. रोजच्या वाटेनं."

"आठव ना जरा."

"आठवतंय मला. सांगता येत नाहीये." आईचा कप बशीवर वाजायचा.

तीन मंगळवार हेच झालं. सोपेरावने ऐकून ऐकून कागदावर लिहिलं, 'इथं म्हणजे कुठं?', आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या. तिसऱ्या मंगळवारी ताईने रेकॉर्डर बंद केला. "गेली ती गोष्ट," ती हळूच म्हणाली. आईने ते ऐकलं असावं.

हात रिकामा राहू नये म्हणून ताईने एक जुनी चिंधी माझ्यावर पसरली. कापड फुगत होतं, म्हणून तिने त्यावर तळहात दाबून धरला. मला कापडाच्या विणीतून तिच्या हाताची ऊब लागत होती. एवढ्यात खुर्ची सरकल्याचा हादरा टेबलाला बसला. माझ्यावरचा हात कुणीतरी उचलून घेतला.

पुढचं मी बघितलेलं नाही. सोपेरावने नंतर चहा पिताना ते दहा वेळा सांगितलं, म्हणून मला माहीत आहे. आईने कप खाली ठेवला होता. तिने ताईचा हात उताणा केला, आपल्या मांडीवर घेतला आणि अंगठ्यावर टिचकी मारली. "पहिलं दार जाड्याचं." मग दुसरं बोट, तिसरं, चौथं, करंगळी. तळहाताच्या खोलगट भागात बोट गोल फिरलं. "इथं पाणी प्यायलं. मग इथून गेलं." बोट हातावरच्या रेषेवरून चालायला लागलं. "इथं दोन वाटा. ही घेतली, नाही मिळालं. ही घेतली." मनगटाचा पूल झाला, कोपराची टेकडी झाली. आई एकदाही अडली नाही. शेवटी बोटं सरसर वर चढून ताईच्या काखेत शिरली, "आणि इथं लपलं होतं गं ते!"

चाळिशीची ताई खुदकन हसली आणि हसता हसता रडायला लागली. हसू का फुटायचं ते तिला कळलं होतं. ज्या गोष्टीसाठी तिने जग धुंडाळलं, ती सबंध वेळ तिच्याच हातावर होती. आईला सांगायला हात हवा होता आणि तिला मात्र दर मंगळवारी कप दिला जात होता.

"आई, आता तुझा हात दे," ताई म्हणाली, आणि आईचा तळहात माझ्या काचेवर आला.

मित्रांनो, मी हजारो माणसं बघितली, पण कागदावरची. जिवंत माणूस मला टेकलं ते त्या दिवशी पहिल्यांदा. सुरीचे वण, भाजल्याची खूण, आणि जाळ्यासारख्या बारीक रेषा. माझा दिवा मी अगदी सावकाश नेला. खरं सांगतो, मला तो त्या टोकाला पोचवायचाच नव्हता.

"ऊन ऊन लागतंय गं हे," आई म्हणाली. "जिवंत आहे की काय?"

तो हात कागदावर छापून आला तेव्हा त्यावर माझी रेघ होतीच, तळ्यापासून मनगटापर्यंत तिरपी. सोपेराव म्हणाला, "ही तेवढी पुसून टाकतो." मी नेहमीसारखा ओशाळलो. पण आईने कागद आधीच ओढून घेतला होता. तिचं बोट दारांवरून गेलं, तळ्याशी थांबलं आणि त्या रेघेपाशी येऊन अडलं. पुन्हा विसरली, असंच सगळ्यांना वाटलं असणार.

"हा ओढा," आई म्हणाली. "इथं उडी मारायची." आणि तिच्या बोटाने टुणकन उडी मारली.

"काकू, आधी तर ओढा नव्हता," सोपेराव म्हणाला.

"पाऊस झाला असेल," आई म्हणाली.

रेघ कुणी पुसली नाही. भिंतीवरची चाळीस कोकरं उतरली. खेळात आता फक्त एक हात आहे आणि एक कापसाच्या बोंडाएवढं कोकरू. मूल बोट ठेवतं, दारं ठोठावतं, ओढ्याशी आलं की उडी मारतं. सोपेराव म्हणतो, याहून सोपं काही होऊच शकत नाही.

त्यालाही आता बरीच वर्षं झाली. खोलीवर नवं यंत्र आलं, ते चांगलं आहे, त्याची काच स्वच्छ आहे. ताईने मला टाकलं नाही. आईच्या उशीच्या अभ्र्यात गुंडाळून घरी आणलं आणि इथे ठेवलं. खालच्या पलंगावर आई असते. ती आता गोष्ट सांगत नाही, ताईला नावानेही ओळखत नाही. ताई रोज दुपारी तिच्यापुढे आपला तळहात धरते आणि थांबते. कधी बोट हलतं, कधी हलत नाही. मी वर अभ्र्यात पडून चाहूल घेत राहतो. त्या हाताची ऊब पुन्हा एकदा माझ्या काचेला लागावी, एवढंच मागणं उरलंय. माझी वायर कुठे आहे तेही कुणाला ठाऊक नसावं, पण मागायला काय हरकत आहे?

तर मित्रांनो, घरात कुणी विसरायला लागलं, तर त्यांना 'आठवा, आठवा' म्हणून दमवू नका. त्यांच्यापुढे आपला हात करा आणि जरा थांबा. आणि तो खेळ कधी तुमच्यापुढे आला, तर तळ्यानंतर जपून जा. तिथे ओढा आहे. तो माझा आहे.