मोठ्या काकांनी दुवा दिला

बुरुलचाने भिंतीला अंगठा लावून जरासा दाबला, तर तो नखासकट आत गेला. खिळा नको, सुरी नको, नुसता अंगठा! तिने तो बाहेर काढला, ओली माती कोटाला पुसली आणि नवऱ्याला हाक मारली.

"अहो, जरा इकडे या. ही भिंत बघा."

तालाय आला खरा, पण भिंतीकडे बघेल तर शपथ. अंगणातल्या जर्दाळूच्या झाडावरून त्याची नजर हलेना.

"झाड बघितलंस का? उन्हाळ्यात खाली खाट टाकून मस्त झोपता येईल."

"झाडाखाली झोपायला पन्नास हजार डॉलर कशाला मोजायचे? कच्च्या विटा आहेत, खालून कमरेपर्यंत ओल चढलीय. तुळईला कीड लागलीय. वरचे पत्रे फुटलेत. संडास तिकडे अंगणाच्या टोकाला."

"गिलावा मारू की."

"चिखलावर गिलावा? तुमच्या डोक्यावर मारा!"

हे ती दबक्या आवाजात बोलली, कारण पलीकडच्या खोलीत घरमालक जुमश मोठ्या काकांना खिडक्या दाखवत होता. मोठे काका म्हणजे तालायच्या वडिलांचे थोरले भाऊ. वडील गेल्यापासून घरातलं पान त्यांना विचारल्याशिवाय हलत नाही. घर बघायला जायचं आणि सोबत पांढऱ्या दाढीचं माणूस नाही, असं आपल्याकडे होतं का कधी? तालाय आदल्याच दिवशी गावाला जाऊन त्यांना गाडीत घालून बिश्केकला घेऊन आला होता. उंच पांढरी टोपी, चकचकीत बूट, छातीवर पदक. घर त्यांना घ्यायचं नव्हतं आणि त्यात राहायचंही नव्हतं. पण बघत असे होते जणू सगळी गल्लीच विकत घ्यायला आलेत.

आता खरी गोष्ट काय ती सांगतो. या दोघांकडे अडतीस हजार होते. दोघांकडे म्हणायचं आपलं. ते बुरुलचाचे होते. मॉस्कोतल्या एका दुकानांच्या इमारतीत सहा वर्षं फरशा पुसून तिने ते जमवले होते. पहिल्या दोन वर्षांचा पैसा ती नवऱ्याला पाठवायची. त्यातून तालायची जुनी जपानी गाडी आली, आणि उरलेला मोठ्या काकांच्या धाकट्याच्या लग्नात घोडा कापण्यात गेला. तेव्हा तिचे डोळे उघडले. पुढचा पै-पैसा तिने स्वतःच्या नावाने बँकेत टाकला.

पैशाचं एक वेळ जाऊ द्या. ती गेली तेव्हा तिची बेगायीम नुकती उभी राहायला लागली होती. परत आली तेव्हा पोरगी आजीच्या पाठीमागे लपली. आजीला ती 'आई' म्हणायची आणि हिला 'मॉस्कोची ताई'. कितीतरी महिने ही 'मॉस्कोची ताई'च राहिली. ओश बाजारामागच्या भाड्याच्या खोलीत तिला शाळेसाठी आणलं, तिची वेणी घालायची म्हटलं तरी पोर मान आखडून बसायची. गेल्या हिवाळ्यात तापाने फणफणली असताना अर्धवट झोपेत ती पहिल्यांदा हिला 'आई' म्हणाली. त्या दिवशी बुरुलचाने ठरवलं, जे काय घ्यायचं ते अडतीस हजारात. एक खोली मिळो, अर्धी मिळो. पण आता परत जायचं नाही म्हणजे नाही. तालायने नान-रोटीवर हात ठेवून शपथ घेतली होती, हो, तुझंच खरं.

आणि आज हा शपथ घेणारा पन्नास हजारांचं झाड बघत उभा होता.

"सूनबाई भिंतींना बोटं काय घालतात!" जुमश हसत हसत दारात आला. गोल चेहऱ्याचा, सदा हात चोळणारा माणूस. "माझ्या वडिलांनी बांधलंय हे घर. दोन भूकंप बघितलेत याने, ढिम्म हललं नाही."

"तिसऱ्याची वाट बघत असेल," बुरुलचा म्हणाली.

"सुने!" मोठ्या काकांनी टोपीखालून बघितलं. "भिंतीचं काय घेऊन बसलीस? अशार घालू. सगळे भाऊबंद बोलावू. एका रविवारात चार भिंती नव्या उभ्या राहतील, एक पैसा मजुरी नाही."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अशार तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. मागच्या वर्षी थोरल्या दिराकडे झाली होती. भाऊबंद आले, दुपारपर्यंत अर्धी भिंत उभी केली, मग मेंढी खाल्ली, मग व्होडका प्याले, मग सावलीत घोरत पडले. ती अर्धी भिंत पहिल्या पावसात बसली. आणि दिवसभर कणीक मळून, चुलीपुढे धुरात बसून त्या फुकट्या मजुरांना खाऊ कोण घालत होतं? सून! मजुरी नाही म्हणे. तिची मजुरी कुणी धरलीच नव्हती.

तेवढ्यात जुमश म्हणाला, "चला, दोन घास खाऊन घ्या."

आतल्या खोलीत पाऊल टाकलं आणि ती उंबऱ्यातच थबकली. दस्तरखान पसरलेला. कणकेचे तळलेले बोरसोक, मध, मनुका, आणि मधोमध परातीत वाफाळणारं मटण. नुसतं घर बघायला आलेल्या गिऱ्हाइकासाठी कुणी मेंढी कापतं? चहा देतात, फार तर जॅम देतात. या बेरकी माणसाने सकाळी उठून मेंढी कापली होती. आणि शिजवलेलं डोकं ताटात ठेवून, दोन्ही हातांनी, कंबरेत वाकून त्याने ते मोठ्या काकांपुढे ठेवलं.

"आमच्या घरात इतकं मोठं माणूस किती वर्षांनी आलं!"

संपलं. मोठे काका हरभऱ्याच्या झाडावर जाऊन बसले. त्यांच्या गावात त्यांच्याहून म्हातारे दोघं अजून जिवंत आहेत, त्यामुळे डोकं कधी त्यांच्या वाट्याला येत नाही. इथे ते एकटेच पांढरे. त्यांनी कान कापून तालायला दिला, डोळा काढून जुमशला दिला, मग पैगंबरांपासून सुरुवात करून आपल्या सात पिढ्यांपर्यंत आले. बुरुलचा दाराजवळ बसून चहा ओतत होती. सुनेची जागा तीच. अर्धी वाटी भरायची, पुढे करायची, रिकामी घ्यायची, परत अर्धी भरायची. काकांचं बोलणं कुठे चाललंय यावर तिचं लक्ष नव्हतं. मटण संपलं की बाहेर पडायचं, गाडीत बसल्यावर 'नाही' म्हणायचं आणि सोमवारी दुसरं घर बघायचं, असं तिच्या डोक्यात चाललं होतं.

आणि मोठ्या काकांनी तळवे वर केले.

"या घराचा उंबरठा माझ्या लेकरांच्या पायाला लाभो. यांच्या धुराड्यातला धूर कधी न थांबो. या अंगणात यांची नातवंडं खेळोत..."

सगळ्यांचे तळवे वर गेले. तालायचे सर्वांत आधी. बुरुलचाच्या एका हातात किटली, दुसऱ्यात वाटी. ती बघतच राहिली. अहो काका, घर घेतलंय कुणी? ठरलंय कधी? पण दुवा चालू असताना तोंड उघडणारी सून अजून जन्माला यायचीय.

"ओमीन!"

हात तोंडावरून फिरले. जुमशने तर आपला चेहरा असा पुसला की जणू अंघोळ करून आला. लगेच उठून त्याने तालायला मिठी मारली.

"झालं! मोठ्यांचा दुवा झाला. आता भावाची घासाघीस कसली करायची? पन्नास म्हणजे पन्नास. शुक्रवारी विसार घेऊन या."

म्हाताऱ्याच्या दुव्यानंतर मागे फिरणं म्हणजे त्याच्या दाढीवर थुंकणं. जुमशला हे पक्कं माहीत होतं, म्हणून तर ती मेंढी. नि काका-पुतण्या या दोघा शहाण्यांना ते कळलंही नाही.

परतीच्या वाटेवर काका पुढे बसले, दात कोरत. बुरुलचा मागे. रेल्वेचे रूळ ओलांडेपर्यंत तिने दम धरला.

"वरचे बारा हजार कुठून आणणार?"

तालाय आरसा नीट करायला लागला.

"मी विचारतेय, बारा हजार. आणि पत्र्यांचे, भिंतीचे, मोरीचे वेगळे. कुठून?"

"होईल गं काहीतरी," तालाय म्हणाला.

"अरे, सांगून टाक ना तिला!" काका दात कोरत म्हणाले. "नाहीतरी सांगायचंच आहे. सुने, तो बोललाय तुझ्या त्या रशियन बाईशी, मुकादमीणबाईशी. जागा आहे म्हणाली. तुझं काम चांगलं होतं म्हणाली, उद्या ये म्हणाली. दोन हिवाळे, बस. दोन हिवाळे म्हणजे काय? डोळ्याची पापणी लवते तोवर संपतात."

बुरुलचाला क्षणभर कळेचना की हे तिच्याबद्दल चाललंय. मग कळलं.

"कधी फोन केला?"

"मागच्या आठवड्यात," तालाय पुटपुटला. "नुसती चौकशी केली. विचारायला काय जातं?"

मागच्या आठवड्यात! म्हणजे हे घर बघायच्याही आधी. म्हणजे ती अंगठा घालून ओल शोधत होती तेव्हा हा तिला विकून मोकळा झाला होता.

आजवर मोठ्या काकांसमोर तिने नवऱ्याला कधी 'अरे' केलं नव्हतं. आज जीभ आपोआप सुटली.

"तालाय, तुला लाज आहे का रे थोडी? पोर मला आत्ता कुठे आई म्हणायला लागली. नऊ महिने झाले नाहीत! आणि तू मला परत बादली घेऊन पाठवतोस? माझी लेक मोठी होताना मी फोनच्या काचेत बघू?"

"अगं, तिच्याचसाठी तर घर! तिलाच खोली होईल..."

"खोली नकोय तिला! आई पाहिजे!"

"सुने, आवाज," काका म्हणाले. "गाडीच्या खिडक्या उघड्या आहेत. आणि आता माझा दुवा झालाय. तो मोडायचा का? लोक काय म्हणतील?"

"नाही हं काका, तुमचा दुवा मी मुळीच मोडणार नाही," बुरुलचा म्हणाली. तिचा आवाज एकदम खाली आला. तालायने तो ओळखला आणि खांदे आवळले. "दुवा तुम्ही दिलात, हात यांनी वर केले. माझ्या हातात किटली होती, सगळ्यांनी बघितलंय. तरी माझे अडतीसच्या अडतीस मी शुक्रवारी काढून देते. सगळे. एक डॉलर मागे ठेवत नाही. उरलेले ज्याने हात वर केले त्याने आणायचे."

"मी कुठून आणू?"

"मॉस्कोतून. मी आणले तिथूनच. मुकादमीणबाईंचा नंबर आहेच की तुझ्याकडे."

"पुरुषाने फरशा पुसायच्या?" काकांच्या तोंडातली काडी पडली.

"मग बांधकामावर जा. विटा उचल. आपली कितीतरी पोरं जातात."

"माझी कंबर..."

"माझी काय लोखंडाची होती? एका खोलीत आम्ही अकरा बायका झोपायचो, पाळीपाळीने. पहाटे चारला उठायचं. हिवाळ्यात हातांना भेगा पडून त्यात सोडा जायचा. तू मला फोनवर विचारायचास, पैसे कधी टाकतेस. जा तू. दोन हिवाळे तर आहेत, डोळ्याची पापणी लवते तोवर संपतात. बेगायीमला मी सांभाळते. रोज संध्याकाळी फोनवर तुझं तोंड दाखवीन तिला. तुला ती 'मॉस्कोचा दादा' म्हणाली तर वाईट वाटून घेऊ नकोस, माझंही असंच झालं होतं."

सिग्नल लागला. तालायने गाडी उभी केली. मागच्याने भोंगा वाजवला तरी हिरवा झालेला त्याला दिसला नाही. तो खरंच विचार करत होता. सहा वर्षांत पहिल्यांदा त्याने दोन हिवाळे मनातल्या मनात मोजून बघितले असावेत, कारण त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"तसं बघितलं तर," तो शेवटी गाडी पुढे काढत म्हणाला, "ते घर जरा महागच आहे."

काका खाकरले. "हो, म्हणजे... दुवा काय, तो चांगल्या मनाने दिलेला असतो. दुसऱ्या घरालाही लागतो. मी जुमशला तसं सांगेन."

बुरुलचाला वाटलं होतं, हे ऐकलं की बरं वाटेल. पण डोळ्यांत रागाने पाणीच आलं. सकाळपासून घर स्वस्त होतं. ती जाणार होती तोवर सगळं परवडत होतं, दर वर्षी, सहाच्या सहा वर्षं.

"थांबव गाडी," ती म्हणाली.

"अगं, आता तर मी ऐकलं ना तुझं! नाही घेत म्हणतोय ना!"

"तू नाही घेत. मी घेणार आहे. अडतीसात जे मिळेल ते, माझ्या आणि बेगायीमच्या नावावर. तुला तिथे राहायचं असेल तर येऊन विचार. मी काय उत्तर देईन ते मला अजून माहीत नाही."

गाडी थांबताच तिने दार उघडलं आणि चालत्या गाड्यांमधून ती पलीकडे गेली. शेजारणीकडे पोरगी वाट बघत होती.