न वाजवता टाकलेली चिप

मित्रांनो, मी एक जुनी बक्षिसीची पेटी आहे. अमेरिकेतल्या रीनो शहरात नदीच्या पुलाजवळ एक लहानसा कसिनो आहे. तिथे एकवीसचा डाव खेळायच्या टेबलाला मला स्क्रूने पक्के बसवलेले होते. पैसे लावून पत्ते खेळायच्या त्या जागेत तुमच्या वयाच्या मुलांना पाऊल टाकता येत नाही, आणि तेच बरे आहे. पण माझी गोष्ट पत्त्यांची नाही. ती पत्ते वाटणाऱ्या एका बाईची आहे, म्हणून तुम्हाला सांगते. आधीच सांगून ठेवते, की माझा स्वभाव फार काळजीखोर आहे. माझे अंग पारदर्शक, त्यामुळे पोटात काय आहे ते साऱ्या जगाला दिसते. असे असताना मला स्वस्थता कुठून मिळणार?

माझा जन्म मासे ठेवायच्या पेट्या करणाऱ्या एका कारखान्यात झाला. मोठ्या पेट्यांतून उरलेल्या तुकड्यांपासून मला जोडले. झाकणाला एक चीर ठेवली आणि खाली कुलूप लावले. आपल्यात पाणी भरतील, सोनेरी मासे सोडतील, अशी मला आशा होती. पण मला मिळाल्या चिपा. पैशांऐवजी टेबलावर ज्या रंगीत चकत्या लावतात, त्या चिपा. खेळणारा खूश झाला, की पत्ते वाटणाऱ्याला एखादी चिप देतो. ती माझ्या पोटात पडते.

मात्र तिथला एक कडक नियम आहे. वाटणाऱ्याने बक्षिसीची चिप आधी माझ्या कडेवर दोनदा वाजवायची, टक् टक्, आणि मगच आत टाकायची. कारण वाटणाऱ्याच्या समोरच मालकाच्या चिपांचा ट्रे असतो, आणि छताला एक कॅमेरा असतो. त्याला सगळे ‘वरचा डोळा’ म्हणत. वाजवले, की वरच्या डोळ्याला कळते, ही खेळणाऱ्याने दिलेली आहे. न वाजवता टाकली, तर ती मालकाच्या ट्रेमधून उचलली असे धरतात. टेबल सोडतानासुद्धा टाळी वाजवून दोन्ही तळवे वर दाखवायचे, की बघा, हातात काही नाही. पहिल्या दिवसापासून माझा जीव त्या टक् टक्‌मध्ये अडकलेला असे. चिप येताना दिसली, की मी मनात म्हणे, वाजव गं बाई, आधी वाजव.

मी होते लिगायाच्या टेबलावर. लिगाया सुमुलोंग फिलिपिन्सहून आलेली, बुटकी, हसरी, आणि हाताने इतकी चपळ, की पत्ते आपणहून सरकत जातात असे वाटावे. कामावर आली, की आधी मला फडक्याने लख्ख पुसायची. तेव्हा माझे फार कौतुक होते. आमच्या टेबलावरची दोन माणसे मात्र माझ्यावरून रोज भांडत. एक नॅडीन, केस कापायचे दुकान चालवणारी. ती जिंकली की देई, हरली तरी थोडे देई. दुसरा एल्डन प्रुइट. तो निवृत्त होता. डोंगरघाटातला बर्फ बाजूला सारणारी गाडी त्याने उमेदीची सारी वर्षे चालवली होती. समोरचा हात दिसत नसताना आपण रस्ता कसा ओळखला, हे तो ज्याला त्याला सांगे. डोक्यावर रुंद काठाची हॅट, ती कधी उतरत नसे. आणि खिशातून बक्षिसीही कधी निघत नसे, म्हणून टेबलावर त्याचे नाव ‘कुलूप’ पडले होते.

“मी हिच्याकडे पैसे हरायला येतो,” तो म्हणे. “वर हिलाच बक्षीस द्यायचं? दाढ उपटून घ्यायची आणि डॉक्टरला केक न्यायचा, त्यातली गत.”

“डॉक्टरला तू फी देतोस, कुलपा,” नॅडीन म्हणे. “हिचा पगार किती, ठाऊक आहे? घरभाडं भागतं, बस. पेट्रोल, दूध, पोरीचं कॉलेज, सगळं त्या पेटीतून येतं.”

“मग मालकानं पगार वाढवावा. त्याचं मी का भरू? आणि मी दिलेलं हिला तरी कुठं मिळतं? सगळ्या पेट्या एकत्र ओतून सगळ्यांना सारखं वाटतात. तो पलीकडचा बघ, तोंडावर कायम बारा वाजलेले. त्यालाही तेवढंच.”

“माझ्याकडे केस कापायला येतोस, तेव्हा बरा देतोस.”

“तू केस कापतेस. ही खिसा कापते.”

लिगाया पत्ते पिसता पिसता हसे. “मिस्टर प्रुइट, तुमचा खिसा पत्ते कापतात. मी फक्त वाटते.”

खरे सांगते, एल्डनचे म्हणणे अगदीच चूक आहे असे मला वाटत नसे. मालकाने पगार वाढवावा, हे मलाही पटे. पण पटून माझे पोट भरत नव्हते, आणि लिगायाचेही नाही. मालक पगार वाढवील तेव्हा वाढवील, कॉलेजची फी मात्र दर सत्राला येतच होती.

या डावात पानांची बेरीज एकवीसच्या पुढे गेली, की हरलात. एके दिवशी एल्डनच्या पानांची बेरीज अठरा झाली होती. तिथे कोणीही थांबतो. त्याने मात्र बोटाने खूण करून आणखी पान मागितले, आणि हरला.

“अठरावर पान मागतोस? ठिकाणावर आहेस ना?” नॅडीन म्हणाली.

“माझी मर्जी,” एल्डन गुरगुरला.

नॅडीनला तो हट्ट वाटला. मी मात्र जवळून पाहिले होते. तो पानावर इतका वाकला होता, की हॅटचा काठ टेबलाला टेकायचा बाकी होता. लिगायानेही ते पाहिले. दुसऱ्या दिवसापासून ती प्रत्येकाच्या पानांची बेरीज मोठ्याने बोलू लागली. “नॅडीनताई, चौदा. मिस्टर प्रुइट, अठरा.” एकट्या त्याचीच सांगितली असती, तर सगळ्यांना कळले असते. म्हणून ती सगळ्यांचीच सांगे.

“आज काय शाळा भरवलीस का गं?” नॅडीनने विचारले.

“आवाज बसलाय, ताई. मोकळा करतेय,” लिगाया म्हणाली.

एल्डन पुन्हा अठरावर पान मागेना. असे कितीतरी दिवस चालले. त्याला आपला मान राखला गेल्याचे कळले होते, हे बेरीज ऐकताना तो हळूच मान हलवी, त्यावरून मला समजे.

मग ती दुपार आली. नॅडीन मागे वळून कॉफी मागवत होती. एल्डन पुढे झुकला. त्याने तळहाताखाली एक चिप लपवून लिगायाच्या ट्रेपाशी सरकवली आणि पुटपुटला, “ही तुझी. बोंबाबोंब नको.”

लिगायाने चिप उचलली. तिचा हात माझ्यावर येऊन थांबला. वाजवले असते, तर सगळ्यांनी वळून बघितले असते, आणि कुलूप उघडले म्हणून म्हाताऱ्याची महिनाभर टर उडाली असती. तिने त्याच्याकडे एकदा बघितले आणि चिप अलगद आत सोडली. टक् टक् झालेच नाही. एवढी सांभाळून वागणारी बाई, आणि चुकली ती दुसऱ्याची लाज राखायला. वरच्या डोळ्याला दिसली असेल फक्त हॅट. मग हॅटखालून, ट्रेच्या बाजूने आलेला तिचा हात. आणि मी.

थोड्याच वेळात कॅमेरा पाहणाऱ्यांचा फोन आला. टेबलांवर देखरेख करणारा वेंडेल आमच्याकडे आला आणि त्याने डाव थांबवला.

“लिगाया, आत्ता पेटीत काय टाकलंस?”

“टीप, साहेब.”

“वाजवली नाहीस.”

“नाही. चुकलं माझं.”

“दिली कोणी?”

लिगायाने एल्डनकडे पाहिले. तो आपणहून बोलेल, म्हणून ती थांबली. मीही वाट पाहत होते. तो खाली बघत राहिला. “मिस्टर प्रुइट यांनी,” ती शेवटी म्हणाली.

“कुलपानं?” नॅडीन खो खो हसली. तिच्या मनात पाप नव्हते, सवयीने हसली. शेजारचा एकजण म्हणाला, “बाई, नाव तरी पटेल असं घ्यायचंस.”

एल्डनचे कान लाल झाले. “मी टीप देत नाही,” तो म्हणाला. “सगळ्यांना माहीत आहे ते.”

लिगायाने टाळी वाजवली, दोन्ही तळवे वर करून दाखवले आणि टेबल सोडले. त्या रिकाम्या हातांकडे मला बघवेना.

माझे स्क्रू काढून, झाकणावर चिकटपट्टी लावून मला वेंडेलच्या खोलीत नेऊन ठेवले. दुसऱ्या दिवशी दुपारी वरचे अधिकारी येऊन निकाल करणार होते. नोकरी तर जाणारच होती. पण चोरीचा डाग लागला, की त्या गावात कुठल्याच टेबलावर तिला कोणी उभे केले नसते. ती चिप माझ्या पोटात सगळ्यांत वर पडली होती. ती कोणाची, हे जगात तिघांना माहीत होते. त्यांतली एक खरे बोलून बसली होती, एक खोटे बोलून घरी गेला होता आणि तिसरी मी, मला तोंड नव्हते. तोंड म्हणून जी चीर होती, तीही चिकटपट्टीने बंद. मी तळमळत राहिले. आला नाही तर? आला आणि फक्त खेळून गेला तर?

सकाळी दार वाजले. एल्डन आत आला. हॅट हातात होती. बिनहॅटचा एल्डन मी कधी पाहिला नव्हता. डोक्यावर विरळ पांढरे केस होते आणि तो एकदम लहान दिसत होता.

“ती चिप माझी,” तो म्हणाला. “मीच दिली.”

“मग काल का नाही बोललास?” वेंडेलने विचारले.

एल्डनने हॅट हातात फिरवली. “का दिली, ते सांगावं लागलं असतं. मला पत्ते दिसत नाहीत, वेंडेल. ती बेरीज सांगते, त्यावर मी खेळतो.”

वेंडेलने माझ्या झाकणावरच्या चिकटपट्टीकडे पाहिले. “काल तू सगळ्यांसमोर नाही म्हणालास. त्यांना साक्षीला बोलावलंय. इथं माझ्या कानात सांगून भागायचं नाही.”

“मग चल टेबलावर,” एल्डन म्हणाला.

वेंडेलने मला काखेत मारले आणि आम्ही निघालो. टेबल भरलेले होते. “आलं बघा कु...” नॅडीनने सुरुवात केली आणि हातातली हॅट बघून तिथेच थांबली. एल्डनने उभ्या उभ्या सगळे सांगितले. चिपेचे सांगितले आणि डोळ्यांचेही. ज्या डोळ्यांची बढाई मारण्यात आयुष्य गेले, ते गेल्याचे त्याने त्याच माणसांसमोर कबूल केले. मधे कुठे थांबला नाही.

कोणी हसले नाही. “गाढवा,” नॅडीन हळू म्हणाली, “मला सांगायचंस. डॉक्टरकडे नेलं असतं.”

दुपारी अधिकाऱ्यांनी लिगायाला न वाजवल्याबद्दल चांगले झापले, आणि कामावर परत घेतले. मला पुन्हा टेबलाला जोडले. तिने फडके घेतले आणि आधी चिकटपट्टीचा डिंक पुसून काढला. एल्डन समोर येऊन बसला.

“मी अजूनही म्हणतो, पगार मालकानं वाढवावा,” तो म्हणाला. मग सगळ्यांना दिसेल अशी एक चिप त्याने पुढे ठेवली. “पण ही घे. आणि वाजव.”

लिगायाने वाजवली. नेहमीपेक्षा इतक्या जोरात वाजवली, की माझ्या कोपऱ्याला बारीक तडा गेला. माझ्या साऱ्या आयुष्यात तो एक आवाज मी निर्धास्तपणे ऐकला.

आता त्या टेबलावर आपणहून पत्ते वाटणारे यंत्र आले आहे. त्याला कोणी काही देत नाही आणि ते कोणाची बेरीजही सांगत नाही. मी कोठीघरात धूळ खात पडले आहे. टाकून द्यायची पाळी आली, की माणसे माझा तडा दाखवून म्हणतात, फुटकी आहे. तेव्हा मला भीती वाटते, की तो कशाचा तडा आहे हे सांगणारे कोणी उरणारच नाही.

मित्रांनो, बक्षिसी द्यावी की नाही, हा वाद मला शेवटपर्यंत सुटला नाही. तो तुम्ही मोठे झाल्यावर सोडवा. पण कोणी गुपचूप तुमची लाज राखली असेल आणि त्यापायी त्याच्या हातांवर संशय आला असेल, तर खाली बघत बसू नका. एल्डनला एक रात्र लागली, आणि ती रात्र लिगायाने काढली. तुम्ही त्याच दुपारी हॅट काढा.